बरेनमधलं साजूक तूप

‘सात दिवस एकाच गावात? करणार काय तिथे?’ आमचा प्लॅन ऐकून ऑफिसमधल्या प्रत्येकाचा हाच प्रश्न! सात दिवसांत पाच देश ‘करण्याच्या’ जमान्यात आम्ही चक्क आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीतल्या बॅलीवॉन गावाबाहेर एक कॉटेज भाड्याने घेतलं होतं. तेही सेल्फ-केटरिंग. म्हणजे घर, किचन, भांडीकुंडी सगळं तुमच्या ताब्यात. रूम सर्व्हिस नाही. चहा हवाय? उठा आणि करा!

खरं सांगू? मी हिंजवडीत, नवरोबा खराडीत. भेट व्हायची ती रात्री अकराला, आणि विषय दोनच : ईएमआय आणि बाईंची सुट्टी. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं.

शॅनन एअरपोर्टवर गाडी घेतली. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून, पण रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की पोटात गोळाच. मात्र प्रत्येक अनोळखी ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ‘राम राम’ करतो. दुसऱ्या दिवशी आम्हीही बोट उचलायला लागलो.

हा सगळा भाग म्हणजे ‘बरेन’. मैलोन् मैल राखाडी चुनखडीचा खडक. पहिल्यांदा वाटतं, इथे काय उगवणार? पण मे महिन्यात खडकांच्या फटींतून गडद निळी जेन्शियनची फुलं डोकावत असतात. गंमत म्हणजे, इथले शेतकरी गुरं उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात डोंगरावर नेतात! खडक उन्हाळ्यातली ऊब साठवून ठेवतो, म्हणून वरचं रान तुलनेने उबदार आणि कोरडं राहतं. गुरं जाडंभरडं गवत खाऊन टाकतात आणि वसंतात फुलांना जागा मिळते. पोलनाब्रोन इथलं पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं दगडी थडगंही याच खडकावर उभं आहे.

पहिले दोन दिवस ती शांतता अक्षरशः अंगावर आली. सारखा हात मोबाइलकडे. तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस. मोहेरचे कडे (तब्बल २१४ मीटर उंच!) बघायचा बेत रद्द. मग वरण-भात करायचं ठरलं. आता वरणावर तूप नको? पण युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून एनिसच्या सुपरमार्केटमधून आणलेलं बिनमिठाचं आयरिश बटर आम्ही कढवायला ठेवलं.

तूप कढवताना हलता येत नाही. दोघं गॅससमोर उभे. फेस वर येत होता, खाली बसत होता. आणि नवरोबा एकदम म्हणाला, ‘मार्चमध्ये माझं प्रमोशन नाकारलं.’ मे संपत आला होता! मी म्हटलं, ‘सांगितलं का नाहीस?’ तर म्हणतो, ‘केव्हा सांगू?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तूप जरा जास्तच लालसर झालं. रात्री पावणेदहापर्यंत बाहेर उजेड होता, आणि आम्ही त्याहून उशिरापर्यंत बोलत बसलो. कडे पाचव्या दिवशी पाहिले. सुंदरच आहेत. पण घरी सगळ्यांना सांगितलं ते तुपाबद्दल.

तुम्ही निघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा लागतो. चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडाप्टर घ्या. उन्हाळ्यात बरीच कॉटेजेस शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, त्यामुळे विमानाचं तिकीट नंतर काढा. मसाला डबा न्या, तूप तिथेच कढवा.

आणि हो, एक दिवस पाऊस पडू दे!