‘तुमचा विचार कळवा’

वाघोडियात कुणाला कळलं की मी हौसेने छोटं विमान उडवते, की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "भीती नाही वाटत?" आणि दुसरा, "रेडिओवर सारखं बोलता तरी काय?" पहिला मी हसण्यावारी नेते. दुसऱ्याचं उत्तर आज सविस्तर लिहिते, कारण त्या बोलण्याचा आमच्या घराशी संबंध आहे.

आमचं मूळ घर बडोद्यात दांडिया बाजारात. बाबांना वाघोडियाच्या जीआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. हरणीचा विमानतळ इथून पश्चिमेला वीसेक किलोमीटर. खासगी वैमानिकाच्या लायसन्सला वय १७ पूर्ण लागतं आणि किमान ४० तासांचं उड्डाण. पण नुसतं विमान चालवता येऊन भागत नाही. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी, तिचं लायसन्स वेगळं. आमच्यातल्या कित्येकांना विमान उतरवण्यापेक्षा त्या तोंडी परीक्षेचीच धास्ती जास्त!

आता बोलतो काय? मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, पुढच्या ठिकाणी किती वाजता पोचेन. बस्स. समोरून उत्तर येतं ते हवेचा दाब, वारा, पाऊस आणि आसपास कुठलं विमान आहे याचं. विमानतळाच्या जवळ असताना तो आवाज हुकूम देतो. इथे थांबा, आता उतरा. पण नियंत्रण क्षेत्राच्या बाहेर, मोकळ्या आकाशात, माझ्यासारखीला मिळते ती फक्त माहिती. त्या सेवेचं नावच फ्लाइट इन्फर्मेशन सर्व्हिस. भारताचं आकाश त्यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या क्षेत्रांत वाटलंय. आपण मुंबईच्या क्षेत्रात येतो. लांब जायचं असेल तर आधी फ्लाइट प्लॅन द्यायचा आणि दोन नंबर घ्यायचे. एक हवाईदलाच्या परवानगीचा, दुसरा माहिती केंद्राचा.

हे सगळं कायम होतं असं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला आले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. पुढे हवा कशी आहे ते पुढे गेल्यावरच कळायचं.

रेडिओची एक अडचणही सांगते. आपला एफएम १०८ मेगाहर्ट्झला संपतो, त्याच्या जरा पुढे विमानाच्या बोलण्याचा पट्टा सुरू होतो. या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला किंवा विमान खाली असलं की संपलं. साडेचार हजार फुटांवरून कागदावर दीडशे किलोमीटरपर्यंत ऐकू जायला हवं. प्रत्यक्षात त्याच्या अलीकडेच खरखर सुरू होते.

तर २०२२ चा जून. पावसाळा दाराशी आलेला. आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. तिचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, धुळ्याला. वय ७१. आईचा एकच धोशा, "ऑपरेशनच्या आधी दादा भेटायला हवा." मी सकाळी विमान घेऊन धुळ्याला गेले. दुपारी चारला मामांना शेजारी बसवून परत निघाले. रस्ता सरळ. नंदुरबार, अक्कलकुवा, सातपुड्याच्या सोंडा, केवडियाजवळ नर्मदा, मग डभोई आणि वाघोडिया. बाबांना सांगून ठेवलं होतं, सव्वापाचला आपल्या गच्चीवरून जाईन.

नंदुरबारपाशी समोरचं आकाश मला आवडलं नाही. शाईसारखी निळी भिंत, वर फुलकोबीसारखे ढग. बडोद्याला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. तेवढ्यात तिसराच आवाज आला. बडोद्याला उतरायला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा कॅप्टन बोलत होता. तो खूप उंचावर, त्यामुळे त्याला मीही ऐकू येत होते आणि बडोदाही. म्हणाला, सांगा, मी पोचवतो. आकाशातली ही जुनी रीत आहे. उंचावरच्याने खालच्याचा निरोप द्यायचा.

त्याने माझा ठावठिकाणा बडोद्याला दिला आणि बडोद्याचं उत्तर मला. विमानतळावर सरी सुरू झाल्यात, वाऱ्याचे झटके आहेत, आग्नेयेला गडगडाटी ढग. आणि त्याने स्वतःची भर घातली की नर्मदेच्या पट्ट्यात त्यालाही ढगांना वळसा घालावा लागला. शेवटी एक वाक्य, "तुमचा विचार कळवा."

इंग्रजीत तीन-चार शब्दांचं हे वाक्य वैमानिक शेकडो वेळा ऐकतात. त्या दिवशी ते माझ्या छातीत जाऊन बसलं. कारण शेजारी मामा विचारत होते, "काय गं, आता थोडंच राहिलंय ना?" त्यांना डोळ्यांपुढे बहीण दिसत होती. मला डोळ्यांनी बघून उडायचं लायसन्स. ढगात शिरायची परवानगी नाही, आणि ढगांखालून जायचं तर खाली सातपुडा.

"मामा, आपण परत धुळ्याला जातोय," मी म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत. ते न बोलणंच जड गेलं. कॅप्टनला सांगितलं, धुळ्याला परत, वीस-पंचवीस मिनिटांत उतरते. त्याने तो निरोप बडोद्याला दिला आणि "शुभेच्छा" म्हणून तो निघून गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

इकडे वाघोडियात गच्चीवर बाबा. डभोईकडचं आकाश काळं झालेलं, सव्वापाच वाजून गेलेले, विमानाचा पत्ता नाही. नियम असा आहे की ठरल्या वेळेनंतर ३० मिनिटं विमानाचा काहीच पत्ता नसेल तर शोधाची पहिली पायरी सुरू होते. ती वेळ आलीच नाही. माझा निरोप आधीच पोचला होता. धुळ्यात चाकं टेकल्यावर मी बडोद्याला फोन करून प्लॅन बंद करवला आणि मग बाबांना लावला.

बाबांनी पहिलं विचारलं, "त्यांनी तुला परत फिर म्हणून सांगितलं ना?"

"नाही हो बाबा. त्यांनी फक्त पुढे काय आहे ते सांगितलं."

जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या शिफ्टच्या वहीसारखं. आधीच्या पाळीवाल्याने लिहून जायचं, तीन नंबर मशीनचा आवाज बदललाय. बंद करायचं का चालू ठेवायचं, ते ज्याच्या हातात मशीन त्याने ठरवायचं. लिहिणारा खोटं लिहीत नाही, एवढ्या भरवशावर कारखाना चालतो."

इतकी वर्षं मी जे लोकांना समजावून सांगू शकले नव्हते, ते बाबांनी फोनवर दोन वाक्यांत सांगितलं.

मामा त्या रात्रीच्या एसटीने बडोद्याला निघाले. पावसात बस उशिरा धावली, तरी सकाळी सातला ते दवाखान्यात होते. नऊला आईला आत नेलं. आधीचे दोन तास दोघं भाऊ-बहीण धुळ्याच्या जुन्या घराच्या गप्पा मारत बसले होते. आई आता ठणठणीत आहे. मामा मात्र अजून चिडवतात, "भाचीच्या विमानापेक्षा आपली एसटी बरी!" चिडवू देत.

आपल्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं विमान शिकत असतील, तर त्यांना माझा निरोप द्या. रेडिओची परीक्षा उरकून टाकायची म्हणून देऊ नका. बोलायला शिका, त्याहून जास्त ऐकायला शिका. आणि कुणी दुसऱ्यासाठी हाक मारत असेल, तर मध्ये पडून तिचा निरोप पुढे द्या.