लेणें आधीं कीं संग्रहालय आधीं?

तापी-पूर्णेच्या संगमाजवळचें आमचें मुक्ताईनगर म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडचें एदलाबाद. सुटींत पाहुणे आले म्हणजे त्यांस मुक्ताईचें दर्शन व चांगदेवाचें देऊळ हीं दोन स्थळें दाखविणें हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा मात्र हातीं आणखी एक दिवस उरला, आणि तो कोठें घालवावा याविषयीं मतभेद झाला.

नातीनें अजिंठ्याचें नांव घेतलें, तर चिरंजिवांनीं धुळ्याचें. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ सालीं धुळ्यास त्यांच्या नांवें संशोधन मंडळ स्थापन झालें. तेथील संग्रहांत जुनीं हस्तलिखितें व कागदपत्रें पाहावयास मिळतात. शिवाय तेथें चढण नाहीं. आमच्या वहिनी म्हणाल्या, "मला आतां पायऱ्या चढवत नाहींत, आणि बुद्धाच्या विहारांत माझें काय काम?"

आमचाही कल धुळ्याकडेच होता. कारण सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितलें पाहिजे. तीस वर्षें आम्हीं मुलांस अजिंठा शिकविला, परंतु स्वतः कधीं पाहिला नाहीं. पुस्तकांतील चित्रांवर आमचें भागलें होतें. तें ऐकून नात म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही नकलेवरूनच शिकवलेंत!"

हा शब्द आम्हांस लागला. नकलांचा इतिहास आम्हांस ठाऊक होता. १८१९ सालीं लेणीं इंग्रजांच्या दृष्टीस पडलीं. १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें तेथील चित्रांच्या मोठ्या प्रतिकृति केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांकडून नव्या प्रतिकृति करविल्या. त्यांपैकींही कित्येक १८८५ च्या आगींत गेल्या. गिलची कबर आमच्या शेजारींच, भुसावळास आहे. जन्मभर त्या स्थानकावर गाड्या बदलल्या, पण तिकडे पाऊल वळलें नाहीं! त्या रात्रीं अजिंठ्याचें ठरलें.

वहिनींस डोली करून दिली. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि अंधुक उजेडांत हळूहळू दिसूं लागला, तेव्हां वर्गांत आपण किती थोडें सांगितलें होतें तें कळलें. सोळाव्या लेण्याशीं तर आमची परीक्षाच झाली. वाकाटक नृपति हरिषेण याचा अमात्य वराहदेव यानें तें लेणें भिक्षुसंघास दिल्याचा लेख तेथें कोरलेला आहे. भाषा संस्कृत, म्हणजे आमचीच; पण लिपि ब्राह्मी. जन्मभर संस्कृत शिकविणारे आम्ही त्या भिंतीपुढें निरक्षर ठरलों.

सव्विसाव्या लेण्यांत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची विशाल मूर्ति आहे. खालीं शिष्य शोक करीत आहेत. गतवर्षीं आमचे ज्येष्ठ बंधु गेल्यापासून वहिनी फारशा बोलत नाहींत. त्या मूर्तीपुढें त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, हीं रडणारीं माणसें आपल्या घरचींच दिसतात हो." मग त्यांनीं हात जोडले. तेथें त्यांचें काय काम, हें आम्हांस कोणी सांगावें लागलें नाहीं.

परत आल्यावर महामहोपाध्याय मिराशी यांनीं संपादिलेल्या वाकाटक लेखांच्या ग्रंथांत (१९६३) तो लेख काढून वाचला, तेव्हां ती भिंत आम्हांशीं बोलूं लागली. म्हणून संग्रहालय व ग्रंथालय यांस आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यांच्यावांचून पाहिलेलें मुकें राहतें. परंतु न पाहतां वाचलेलें परकें राहतें, हेंही आतां अनुभवानें सांगतों. एकच दिवस हातीं असेल, तर वाचकांनीं आधीं लेणें पाहावें. शंका घेऊन संग्रहालयांत मागाहून जावें. आमचीही धुळ्याची वारी आतां पुढील सुटींत ठरली आहे, आणि या खेपेस तिची आठवण वहिनीच करून देत असतात.