बिनतारी यंत्रास तार कशाला?

‘बिनतारी’ हा शब्द ऐकला कीं तारांची कटकट आतां कायमची मिटली, असें मनांत येतें. परंतु शब्दावर भिस्त ठेवून चांगली वस्तु टाकून देणें बरें नव्हे, हें आम्हांस दोन जुन्या स्पीकरांनीं शिकविलें.

तीर्थरूपांनीं हौसेनें घेतलेल्या त्या लांकडी पेट्या त्यांच्या पश्चात् मुक्याच होत्या. कारण त्यांना वाजविणारें यंत्र केव्हांच निकामी झालें होतें. मोबाइलवरून बिनतारी गाणें ऐकण्याची सोय झाली, तेव्हां ‘यांस ना प्लग, ना बटण, द्या भंगारांत’ असा मुलांनीं ठराव केला. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत; मात्र पेट्यांवरील धूळ त्या पूर्वीप्रमाणेंच रोज पुशीत राहिल्या. तें पाहून आम्हीं या गोष्टीचा छडा लावण्याचें ठरविलें.

स्पीकरच्या पोटांत लोहचुंबक, तारेचें वेटोळें व त्यास चिकटविलेला कागदी शंकु असतो. वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह गेला म्हणजे शंकु मागेंपुढें हालतो, हवा हालवितो आणि नाद उत्पन्न होतो. प्रवाह बलवान् करण्याची सोय ज्याच्या अंगीं नाहीं, त्या स्पीकरास ‘पॅसिव्ह’ म्हणतात. त्यास वॉटच्या हिशेबानें शक्ति लागते. उलट मोबाइलची ब्लूटूथ लहर बहुधा एका वॉटच्या शतांशाहूनहि दुबळी, आणि तीहि चोहोंकडे विखुरणारी. ती निरोप आणील. शंकु हालविणें तिच्या आवांक्याबाहेरचें आहे.

ही गोष्ट नवी नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत भिंतींपलीकडे विद्युल्लहरी पाठवून बंदुकीची दारू पेटविली. पण पेटविण्याची शक्ति लहरींतून आली नव्हती. लहरीनें पलीकडील विद्युन्मंडल केवळ जोडून दिलें.

तेव्हां निरोप घेणारा एक व बळ देणारा एक, असे दोन मध्यस्थ हवेत. पहिला काड्यापेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर, दुसरा ॲम्प्लिफायर. दोन्ही एकाच पेटींत असलेलें यंत्रहि मिळतें. रिसीव्हरची तार ॲम्प्लिफायरमध्यें जाते, व तेथून प्रत्येक स्पीकरकडे दुपदरी तार निघते. आमच्या पेट्यांच्या पाठीवर ‘८ ओहम’ असा आंकडा होता. तो ॲम्प्लिफायरला चालतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. त्याच्या मर्यादेहून कमी ओहमचा स्पीकर जोडल्यास प्रवाह वाढून यंत्र तापतें. जोडणी वीज बंद ठेवून करावी, व तारांचीं उघडीं टोकें एकमेकांस शिवूं देऊं नयेत.

लाल खुंटीस लाल आणि काळ्या खुंटीस काळी, हा नियमहि निरर्थक नाहीं. बाजारांतील एका वृद्ध कारागिरानें एकाच पेटीच्या तारा मुद्दाम उलट जोडून दाखविल्या. दोन्ही पेट्या वाजत होत्या, पण डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहींसा झाला! एक शंकु पुढें येई तेव्हां दुसरा मागें जाई, व खालचे सूर एकमेकांस मारीत. तारा सरळ होतांच डग्गा पुन्हा घुमूं लागला.

मातोश्रींस अलीकडे कमी ऐकूं येतें. मोबाइलवरील गाणें त्यांना डांसाच्या गुणगुणीसारखें वाटे. घरीं पेट्या लागल्या तेव्हां त्या आंतल्या खोलींतून बाहेर आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तंबोरा ऐकूं येतो रे!” भंगाराचा ठराव त्याच दिवशीं रद्द झाला.

विद्यार्थिमित्रांनो, घरांत अशी मुकी पेटी असल्यास ती टाकण्यापूर्वीं तिच्या पाठीवरील अक्षरें वाचा. शंकूची कड झिजली असल्यास ती बदलतां येते. आणि वर्गांत गुरुजींचे शब्द कानीं पडतील तेव्हां हेंहि आठवा कीं, निरोप वाऱ्यावरून येतो. त्यास आवाज देणारें बळ घरच्या अभ्यासाचेंच असावें लागतें.