मापटे आणि तराजू

आमच्या घराण्याचा दारूशी संबंध दिवाळीपुरता, आणि तोही भुईनळ्याच्या पुढे कधी गेला नाही. लवंगी माळ लावायची तर शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. अशा घराण्यातला एक मुलगा रात्री जेवताना, ताकाची वाटी खाली ठेवून, "आई, मला घरी दारू आणायची आहे," असे म्हणाला तेव्हा वहिनींच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यात पडला.

"पिण्याची नव्हे ग, बंदुकीची!" पुतण्याने घाईघाईने खुलासा केला. त्या खुलाशाने वहिनींना धीर आला असे मात्र दिसले नाही.

ही हकीकत 2023 सालच्या दिवाळीच्या सुटीतली. माझे थोरले बंधू अण्णा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहान गावात राहतात. कॉलेजला सुटी लागताच मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्या राज्यात नोव्हेंबरमध्ये बंदुकीने हरणांची शिकार करण्याचे नऊ दिवस येतात. गावेच्या गावे भडक नारिंगी जाकिटे घालून रानात शिरतात. आमचा पुतण्या एकोणीस वर्षांचा. शेजारच्या आजोबांच्या नादाने त्यालाही हा छंद लागला होता. आजोबांनी आपली जुनी रायफल त्याला देऊन टाकली होती आणि तिच्यातून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्याही एका पिशवीत भरून दिल्या होत्या. त्या नळ्या घरीच पुन्हा भरायच्या, असा त्याचा बेत होता. तिकडे स्वतःपुरती काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची तर लागतो. (आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्यावाचून असला उद्योग करणाऱ्याला दिवाळी तुरुंगात काढावी लागेल!)

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार: पितळी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी जातात. नळी मागे उरते. ती पत्रावळ नव्हे, घासूनपुसून पुन्हा वाढायचे ताट आहे. दुकानातली काडतुसे महाग, म्हणून काटकसरी माणसे नळ्या जपून ठेवतात.

अण्णांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तू प्राध्यापक आहेस. उद्या त्याच्याबरोबर दुकानात जा आणि काय ते तूच ठरव." थोरल्या भावांना निर्णय टाळायचा असला म्हणजे धाकट्याची विद्वत्ता आठवते. वहिनी मात्र ओट्याशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एकुलता एक आहे." त्या तीन शब्दांनी मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे निघालो: पुतण्या, आजोबा आणि मी. पुतण्याच्या खिशात दीडशे डॉलर होते. सुटीत एका किराणा दुकानात खोकी उचलून त्याने ते मिळवले होते.

दुकानात शिरताच त्याचे मन एका बिडाच्या यंत्रावर जडले. उसाच्या चरकाच्या धाकट्या भावासारखे ते दिसत होते. लांब दांडा, जाड पाया. टेबलाला बोल्टने आवळायचे, दांडा ओढायचा आणि नळी साच्यात दाबायची. पण त्यात सगळेच दीडशे डॉलर गेले असते. दुसरे एक हत्यार दोन हातांत धरून दाबायचे. त्याला टेबल लागत नाही, मनगटे मात्र लागतात. आजोबांनी आपल्या वडिलांच्या हत्याराचे वर्णन केले तेव्हा मला हसू आले. तो शुद्ध अडकित्ता होता! आयडियल नावाच्या कंपनीने 1884 पासून असली हत्यारे विकली. रानात शेकोटीपाशी बसून शिकारी त्यांनी काडतुसे भरीत.

आणि सर्वांत स्वस्त होती ती एक छोटी पेटी. आत चार-सहा पोलादी तुकडे आणि दारू मापायचे चिमुकले मापटे. हातोडी मऊ डोक्याची हवी. ठोकून नळी साच्यात घालायची, ठोकून बाहेर काढायची. हिने नळीची फक्त मान आवळली जाते, म्हणून ज्या रायफलीतून नळी झाडली तिच्यातच ती पुन्हा नीट बसते. आमच्या पिशवीतल्या नळ्या त्याच रायफलीच्या होत्या, अडचण नव्हती.

"पण काका, हे फार हळू चालतं," पुतण्या नाराजीने म्हणाला. त्याची नजर अजून त्या चरकावरच होती.

मला एकाएकी आमचे आजोबा आठवले. नाशिकच्या सराफ बाजारात एका पेढीवर ते तोलाईचे काम करीत. त्यांच्या छत्रीला तीन ठिगळे होती, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला होता; पण काटा मात्र काचेच्या पेटीत असे. तोलताना ते पंखा बंद करायला लावीत आणि श्वासही जपून घेत. "कंजुषी कशाचीही करावी, मापाची करू नये," असे ते म्हणत.

मी शेजारच्या आजोबांना विचारले, "या हत्यारांपैकी कोणते स्वस्तातले घेतले तर नुसते हात दुखतील, आणि कोणते घेतले नाही तर डोळा जाईल?"

म्हातारा खूश झाला. त्याने पोरासमोर बोटे मोडली. दाबणारे हत्यार स्वस्त चालेल. पाच मिनिटांच्या जागी दहा लागतील, एवढेच. पण मापट्यावर विसंबू नको, तराजू घे. शिवाय कोणत्या गोळीमागे कोणती दारू किती, हे सांगणारे छापील पुस्तक घे. दारूचे डबे अनेक असतात आणि दाणे दिसायला सारखे. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा ठेव आणि दारू दुसऱ्या डब्यात कधी भरू नकोस. डोळ्यांवर चष्मा हवाच.

अशा रीतीने पेटी, दांडीचा तराजू, पुस्तक आणि चष्मा असा बाजार झाला. हातोडी, गोळ्या, टोप्या आणि दारूचा न फोडलेला डबा आजोबांनी दिला. मोबदला ठरला तो हिवाळाभर त्यांच्या दारातला बर्फ उपसण्याचा. पहिली खरेदी पुस्तकाची झाली, याचा मराठीच्या प्राध्यापकाला आनंद होणारच!

रात्री जेवणाचे टेबल मोकळे झाले. वहिनी दाराशी उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. पुतण्याने तराजूची दांडी समेवर आणली आणि पाहावे म्हणून पारड्यात एक गोळी टाकली. काटा 180 ग्रेनवर थांबला. मी चमकलो. इंग्रजी अमदानीत, 1833 साली, तोळा ठरला तो नेमका 180 ग्रेनचा. म्हणजे ही गोळी तोळाभराची! आजोबांच्या पारड्यात तोळा पडे तो कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा. पारडे तेच, धास्तीही तीच. फक्त वस्तू निराळी.

काम सुरू झाले. ठोक, भर, तोल, ठोक. तासाभरात सहा काडतुसे उभी राहिली. इतक्यात फोन वाजला. मित्राशी दोन शब्द बोलून पुतण्या परतला आणि सहाव्या काडतुसाकडे पाहत राहिला.

"काका, यात दारू मी एकदा घातली की दोनदा?"

मला ठाऊक नव्हते. दोनदा पडली असेल तर बंदूक फुटू शकते. मुळीच पडली नसेल तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी बंदुकीच्या नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की तोच अनर्थ.

"सहावं तेवढं बाजूला काढ," मी म्हणालो.

"पण पाचाव्याचीही आता मला शपथ घेता येत नाही," तो म्हणाला. त्याने सहाही काडतुसे उचलून एका डबीत टाकली, डबीवर चिठ्ठी चिकटवली आणि लिहिले, 'वापरू नये'. दुसऱ्या दिवशी आजोबांकडून ती उकलून घ्यायची होती. तासाभराची मेहनत गेली, पण पोराच्या चेहऱ्यावर खळखळ नव्हती. नव्या नळ्यांची ओळ मांडून तो पुन्हा पहिलीपासून बसला.

मी दाराकडे पाहिले. वहिनी आत आल्या. गरम हवेच्या झोताने तराजूची दांडी हलत होती. त्यांनी ती जाळी बंद केली. मुलाचा फोन उचलून स्वतःच्या स्वेटरच्या खिशात टाकला. मग समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा लावला.

"घाल आता," त्या म्हणाल्या. "मी मोजते. एक."