‘तो काही करत नाही!’
माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून अनेकजण पुढे पायी किंवा घोड्यावरून जातात. मेच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब गेलो. धाकटी घोड्यावर होती. एका पर्यटकाचा मोकळा कुत्रा भुंकत मागून धावत आला. घोडा उसळला. घोडेवाल्या चाचांनी लगाम धरून त्याचे तोंड कुत्र्याकडे वळवले, तेव्हा कुठे तो थांबला. मुलीने खोगीर घट्ट धरले होते. मालक लांबूनच म्हणाले, “तो काही करत नाही!”

नसेलही करत, पण घोड्याला ते कसे कळावे? रानात त्याची शिकार होत आली आहे. डोळे दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसते. अगदी पाठीमागचे मात्र दिसत नाही. तिथून कोणी आले की पळणे किंवा लाथ झाडणे, हाच त्याचा बचाव. म्हणून अशा वेळी घोडा पळवू नये. कुत्र्याला पाठलागाचा चेव येतो. घोडा थांबवावा, कुत्रा त्याला दिसू द्यावा.

लाथ बसली तर कुत्रा जिवानिशी जाईल. स्वार पडला तर हाड मोडेल आणि घोडेवाल्याची रोजी बुडेल. मुक्या जनावरांचा यात काय दोष? कुत्रा पाळणाऱ्याने वाटेवर त्याची साखळी हातात ठेवावी, एवढेच.