शून्याची चूक

मुलुंडहून शाळेंत येण्यासाठीं मी विजेची स्कूटर वापरतों, हें विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. गेल्या पावसाळ्यांत तिच्या मागील चाकांतील मोटरींत पाणी शिरलें. दुरुस्ती होऊन आली ती चढावर हिसके देऊं लागली, तापूं लागली, आणि वीज मात्र दुप्पट खाऊं लागली. शेवटीं घाटकोपरच्या एका तरुण कारागिराकडे ती नेली. चाक हातानें फिरवून तो म्हणाला, "सर, मोटर चांगली आहे. तिला स्वतःची जागा चुकीची कळते आहे."

१९२५ च्या ३ फेब्रुवारीस व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी धांवली, तिच्या मोटरींना ही अडचण नव्हती. त्यांत तांब्याच्या पट्ट्यांचें कडें आणि त्यावर घासणारे ब्रश हेच कोणत्या वेटोळ्यांत केव्हां प्रवाह सोडावयाचा तें ठरवीत. माझ्या स्कूटरींत ब्रश नाहींत. बाहेर ४६ चुंबक फिरतात. आंत डाळीएवढे तीन सेन्सर त्यांच्या येण्याजाण्याची खूण करितात, आणि ती पाहून कंट्रोलर प्रवाह सोडतो. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबक धरला असतां तींत आडवा विद्युद्दाब उत्पन्न होतो, हा एडविन हॉल ह्यानें १८७९ सालीं लाविलेला शोध येथें कामीं येतो.

दुरुस्तींत हे सेन्सर किंचित् सरकून बसले होते. आतां गंमत पाहा: ४६ चुंबक म्हणजे ध्रुवांच्या २३ जोड्या, म्हणून चाकाचा एक अंश विजेच्या हिशेबीं २३ अंश होतो. सेन्सर तीन अंश ढळले तर चूक ६९ अंशांची, आणि जोर त्या कोनाच्या कोज्येप्रमाणें घटून एकतृतीयांशाच्या जरासा वर उरतो. बाकीची वीज नुसती तापविण्यांत जाते.

कारागिरानें मोटर उघडलीच नाहीं. चाक अधांतरीं ठेवून त्यानें वेटोळ्यांतील प्रवाह सावकाश फिरविला. होकायंत्राच्या सुईप्रमाणें चाकहि त्यामागें फिरलें. कोणत्या कोनावर कोणता सेन्सर बदलतो तें टिपून घेऊन त्यानें सर्व पुन्हां उलट दिशेनें केलें.

"दोनदां कां?"

"घर्षण, सर. चाक दोन्हीं वेळां थोडें मागें राहतें. सरासरी घेतली कीं तें निघून जातें." उरलेला फरक त्यानें कंट्रोलरच्या स्मृतींत भरला. परततांना स्कूटर निमूट चालली.

मी मात्र अस्वस्थ होतों. नववींतील एका मुलानें व्हर्नियर कॅलिपरनें घेतलेलीं पांचहि मापें ०·३ मिलिमीटरनें जास्त आलीं होतीं, आणि निष्काळजी म्हणून मीं त्यास दहांपैकीं दोन गुण दिले होते. निष्काळजी हात इतका नेमका चुकत नाहीं, हें वीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविणाऱ्यास सुचूं नये!

दुसऱ्या दिवशीं त्याच्या टेबलावरील कॅलिपरचे जबडे मिटवून पाहिले. शून्यापुढें शून्य येत नव्हतें. व्हर्नियरची तिसरी रेघ जुळत होती. वर्गासमक्ष मीं त्याचे गुण दुरुस्त केले.

"सर, मीं तेव्हां सांगितलें होतें," तो हळूच म्हणाला.

सांगितलें होतें खरें.