तीनशे डॉलरचा रेझ्युमे

गोष्ट २००९ ची, अमेरिकेतल्या मंदीची. कंपनीने महिन्याची नोटीस हातात ठेवली. एच-१बी वाल्यांना आता नोकरी सुटल्यावर ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते, पण तो नियम २०१७ चा. तेव्हा तेही नव्हतं. घरात दीड वर्षाची लेक, आणि आईबाबांना अजून काही सांगितलेलं नाही!

घाबरून ३०० डॉलर मोजले आणि एका बाईंकडून रेझ्युमे लिहून घेतला. माझ्या पुण्याहून आणलेल्या बायोडेटातली जन्मतारीख, 'मॅरीड' आणि फोटो त्यांनी आधी उडवले. भेदभावाचा आरोप नको म्हणून इथे ते कुणी मागत नाही. चार पानांची दोन झाली. इथवर पैसे वसूल.

पण वर भारदस्त विशेषणांची फोडणी! पहिल्याच इंटरव्ह्यूत समोरच्याने एका वाक्यावर बोट ठेवलं, "म्हणजे नक्की काय केलंत?" मला सांगता येईना. वाक्य माझं नव्हतंच ना.

रात्री बायको म्हणाली, "अरे, सहा तासांची बॅच तू चाळीस मिनिटांवर आणलीस, ते कुठंय यात?"

नव्हतं. बाईंना मी सांगितलंच नव्हतं. 'आम्ही केलं' म्हणायची सवय. 'मी केलं' म्हणजे बढाई, असंच शिकलेलो.

ती एक ओळ घातली. पुढच्या इंटरव्ह्यूत तिच्यावरच अर्धा तास बोललो. चौथ्या आठवड्यात ऑफर आली.

तेव्हा मांडणीसाठी, इंग्रजी तपासायला पैसे जरूर द्या. आपण काय केलं, ते मात्र आपणच आठवायचं.

बाबांना फोन त्यानंतरच केला.